खरेदीखतातली एक अट : कोलोरॅडोतल्या व्हेल शहराचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वतात, व्हेल नावाचं छोटं शहर आहे. 2010 च्या जनगणनेत तिथे 5,305 माणसं मोजली गेली, 2020 मध्ये 4,835. दहा वर्षांत जवळजवळ नऊ टक्क्यांची घट. नुसते आकडे वाचले तर वाटेल, गावातला धंदा बसला असेल, एखादा मोठा कारखाना बंद पडला असेल, पोटापाण्यासाठी तरुण बाहेर पडले असतील. यातलं काहीच झालेलं नव्हतं. त्या दशकात व्हेल हे देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या स्कीइंगच्या ठिकाणांपैकी एक होतं, कामाला माणसं मिळत नाहीत ही तिथल्या हॉटेलवाल्यांची नित्याची तक्रार होती आणि घरांच्या किमती चढत होत्या. काम होतं, पैसा होता, घरंही होती. राहणारी माणसं मात्र कमी झाली.

परवडणाऱ्या घरांचा विषय निघाला की चर्चा लगेच ‘किती घरं बांधायची’ इथे येते. व्हेलचं प्रकरण मला मोलाचं वाटतं ते यासाठी, की तिथे प्रश्न घरांच्या संख्येचा नव्हताच. शहरातल्या निम्म्याहून जास्त घरांत वर्षभर राहणारं कोणी नाही. घर उभं आहे, रंगरंगोटी झालेली आहे, कर वेळेवर भरला जातो. त्यात माणूस नाही. अशा ठिकाणी आणखी शंभर घरं बांधली तर त्यातली किती कामकऱ्यांच्या हाती राहतील, हा खरा सवाल आहे. 2017 पासून या शहराने त्यावर जे उत्तर शोधलं, त्याची ही मांडणी.

आधी आकड्यांबद्दल एक खबरदारी घ्यायला हवी. 2020 च्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 एप्रिल होती. त्याआधी दोनच आठवडे, मार्चच्या मध्यावर, कोविडमुळे कोलोरॅडोच्या गव्हर्नरने राज्यातली सगळी स्की-केंद्रं बंद केली होती. ईगल काउंटी, म्हणजे व्हेल ज्या जिल्ह्यात येतं तो भाग, राज्यातल्या पहिल्या संसर्गकेंद्रांपैकी एक होता. हंगामी कामगार सामान बांधून निघून गेलेले असताना ही मोजणी झाली. तेव्हा 470 माणसांची घट जशीच्या तशी खरी मानू नये. पण याच काउंटीत त्याच मोजणीत जिप्सम नावाचं गाव 6,477 वरून 8,040 वर गेलं आणि ईगल हे गाव 6,508 वरून 7,511 वर. पूर्ण काउंटी 52,197 वरून 55,731 झाली. म्हणजे माणसं खोऱ्यात होती, वाढतही होती. ती फक्त खाली सरकली होती. जिप्सम व्हेलपासून पश्चिमेला साठ किलोमीटरच्या आसपास आहे. काम वर, घर खाली आणि मधे हिवाळ्यात बर्फाने कधीही बंद पडू शकणारा महामार्ग.

अरुंद खोरं

व्हेल मुळात गाव नव्हतंच. पीट सायबर्ट आणि अर्ल ईटन यांनी हा डोंगर स्कीइंगसाठी हेरला, डिसेंबर 1962 मध्ये केंद्र सुरू झालं आणि 1966 मध्ये शहराची रीतसर स्थापना झाली. गोर क्रीक नावाच्या ओढ्याच्या काठाने ते लांबट पसरलंय, मधून आंतरराज्य महामार्ग 70 जातो आणि दोन्ही बाजूंना व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वन आहे. वाढायला जागा नाही. आहे त्या पट्टीतच हॉटेलं, दवाखाना, बसचा डेपो, दुकानं आणि घरं.

1970 च्या दशकात इथे साध्या लाकडी इमारती झाल्या, लहान लहान फ्लॅटच्या. त्यात स्की शिकवणारे, आचारी, बसचालक, परिचारिका राहायच्या. या इमारती कोणी पाडल्या नाहीत. त्यांचं जे झालं ते एका वेळी एका विक्रीने झालं. मालक म्हातारा झाला, मुलांकडे राहायला गेला, फ्लॅट विकायला काढला. घेणारा डेन्व्हरचा किंवा टेक्ससचा. तो वर्षातून तीन आठवडे येणार, बाकी वेळ कुलूप, किंवा अलीकडे रोजच्या भाड्याने पाहुण्यांना. त्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या भाडेकरूला दोन महिन्यांची मुदत मिळाली आणि तो जिप्समला किंवा डोंगरापलीकडच्या लेडव्हिलला गेला. या व्यवहारात कोणी कायदा मोडला नाही, कोणाला उघड्यावर काढलं असंही नाही. कागदावर शहरातलं एकही घर कमी झालं नाही. म्हणूनच हे कोणाच्या नजरेत भरत नाही. शाळेचे वर्ग लहान व्हायला लागतात, अग्निशमन दलात गावात राहणारे जवान उरत नाहीत, रात्रीच्या पाळीची परिचारिका ‘रस्ता बंद आहे’ म्हणून फोन करते, तेव्हा कळतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. यात दुसरं घर घेणारा माणूस खलनायक नाही. त्याच्याच करांवर आणि खर्चावर हे शहर चालतं. पण बाजाराला घर दिसतं, त्यात राहणारी बाई सकाळी कुठे कामाला जाते हे दिसत नाही. रोख रक्कम घेऊन आलेला पाहुणा आणि पंचवीस-तीस वर्षांच्या कर्जावर घर घेऊ पाहणारी शिक्षिका एकाच फ्लॅटसाठी बोली लावत असतील, तर निकाल आधीच ठरलेला असतो.

हात बांधलेले

शहराने आधी काहीच केलं नाही असं नाही. 2003 मध्ये टिंबर रिज ही भाड्याच्या घरांची जुनी वसाहत शहराने स्वतः विकत घेतली. 2007 पासून नव्या बांधकामांवर कामगारांसाठी घरं देण्याचं बंधन घातलं. शॅमोनी नावाच्या प्रकल्पात शहराच्या जमिनीवर 32 घरं झाली आणि ती सोडतीने वाटली गेली. पण 32 घरं आणि रहिवाशांच्या हातून गळून जाणारी शेकडो घरं यांचा मेळ बसत नव्हता.

दुसरीकडे राज्याच्या कायद्याने नेहमीचे मार्ग बंद केलेले. कोलोरॅडोत 1981 पासून शहरांना भाडेनियंत्रण करायला मनाई आहे. टेल्युराइड या अशाच डोंगरी शहराने नव्या बांधकामांकडून कामगारांसाठी ठरावीक भाड्याची घरं मागितली होती. 2000 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते भाडेनियंत्रणच आहे असं ठरवून रद्द केलं. घर विकलं की त्यावर हस्तांतरण कर घ्यावा, म्हणजे दुसऱ्या घरांच्या बाजारातूनच पैसा उभा राहील, हा सगळ्यात न्याय्य मार्ग वाटतो. गंमत अशी, की व्हेलमध्ये असा एक टक्का कर फार आधीपासून आहे, पण तो मोकळ्या जागा आणि उद्यानांसाठी. आणि 1992 मध्ये राज्यघटनेत झालेल्या करविषयक दुरुस्तीने असा नवा कर लावायला कायमची बंदी केली. ज्यांनी तो कर आणला त्यांनी तेव्हा गवत आणि ओढा वाचवायचा विचार केला. माणसंही वाचवावी लागतील, हे कोणाच्या मनात आलं नसणार.

म्हणजे भाडं ठरवता येत नाही, विक्रीवर नवा कर लावता येत नाही, जमीन नाही. सक्तीचे बरेच मार्ग संपले. उरला तो खरेदी-विक्रीचा, स्वखुशीचा मार्ग.

अट विकत घ्यायची

2016 मध्ये शहराने एक उद्दिष्ट ठरवलं: 2027 पर्यंत रहिवाशांसाठी राखलेली एक हजार घरं आणखी मिळवायची. पुढच्या वर्षी ‘व्हेल इनडीड’ नावाची योजना सुरू झाली. तिची कल्पना एका वाक्यात सांगता येते. शहर घर विकत घेत नाही. घरमालकाला पैसे देऊन त्या घराच्या खरेदीखताला एक कायमची अट जोडून घेतं. अट ही, की या घरात राहणाऱ्यांपैकी निदान एक जण ईगल काउंटीतल्या व्यवसायात आठवड्याला सरासरी 30 तास काम करणारा असला पाहिजे आणि हेच त्याचं राहतं घर असलं पाहिजे. मालक स्वतः राहो किंवा भाड्याने देवो. घर पुढे कितीही वेळा विकलं गेलं तरी अट घराबरोबर जाते.

आता यात काय नाही ते बघा. उत्पन्नाची मर्यादा नाही. विक्रीच्या किमतीवर मर्यादा नाही. भाडं किती घ्यावं यावर बंधन नाही. मालक व्हेलमध्येच राहिला पाहिजे असंही नाही. परवडणाऱ्या घरांच्या योजनांची आपल्याला सवय आहे ती वेगळ्या धाटणीची: उत्पन्नाचा दाखला, रेशनिंगसारखी पात्रता, दहा वर्षं विकायची नाही वगैरे. इथे ते सगळं सोडून दिलं आणि एकच प्रश्न ठेवला: इथे काम करणारा माणूस इथे राहतो का?

तीस तासांची ही सरासरी वर्षाची आहे, हे बारकाव्याने लिहिलेलं आहे. स्की-शहरात काम एकसारखं नसतं. नोव्हेंबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत लोक दोन-दोन नोकऱ्या करतात. मग बर्फ वितळतं, डोंगरावर नेणारे पाळणे बंद होतात आणि ज्याला तिथे ‘मड सीझन’ म्हणतात, म्हणजे चिखलाचे आठवडे, त्यात निम्मं गाव बंद असतं. दर आठवड्याचा हिशेब मागितला असता तर मे महिन्यात बहुतेक जण अपात्र ठरले असते. नियम करणाऱ्याला गावाचं वेळापत्रक ठाऊक होतं, हे या एका कलमातून दिसतं. मला ही योजना आवडण्याचं निम्मं कारण हे कलम आहे.

पैशाचं गणित एका काल्पनिक उदाहरणाने बघू. समजा, एका फ्लॅटची किंमत सहा लाख डॉलर आहे. परिचारिका आणि तिचा बसचालक नवरा मिळून कर्ज फेडू शकतात, पण सुरुवातीचे वीस टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार, त्यांच्याकडे पूर्ण नाहीत. शहराने अटीच्या बदल्यात पंधरा टक्के दिले तर नव्वद हजार मिळतात, उरलेले तीस हजार ते स्वतः घालतात आणि व्यवहार होतो. शहराला लाख डॉलरच्या आत एक घर कायमचं राखता आलं. त्या जागी नवं घर बांधायचं तर जमीन, परवाने आणि बांधकाम मिळून खर्च याच्या कितीतरी पट. प्रत्यक्षातही योजनेत रक्कम ठरवताना ठोक दर नाही. अर्ज येतो, शहराचं गृहनिर्माण प्राधिकरण घराचा आकार, जागा, अट मिळाल्याने नेमका काय फरक पडेल हे बघतं आणि बोलणी करतं. बऱ्याच व्यवहारांत बाजारभावाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी रक्कम लागली.

सोलर व्हेल नावाची जुनी इमारत पाडून तिथे 65 भाड्याची घरं झाली, त्या सगळ्यांवरची अट शहराने एकाच व्यवहारात घेतली. बांधणाऱ्याला भांडवल मिळालं, शहराला 65 घरं. सुरुवातीच्या चारेक वर्षांतच अशा अटींची संख्या दीडशेच्या पुढे गेली. शहराचे तेव्हाचे गृहनिर्माण संचालक जॉर्ज रुथर घरांना पायाभूत सुविधा म्हणत आले, रस्ते आणि पाण्याच्या नळासारखी. बोलायला हे वाक्य सोपं आहे. पण दर वर्षी अंदाजपत्रकात त्यासाठी लाखो डॉलर काढून ठेवणारी छोटी शहरं थोडी आहेत. शेजारच्या ब्रेकनरिजने पुढे ‘हाउसिंग हेल्प्स’ या नावाने जवळपास हीच पद्धत उचलली.

पैसा कुठून आणायचा, याचं उत्तर 2021 च्या नोव्हेंबरात मतदारांनी दिलं. वाणसामान सोडून बाकी खरेदीवर अर्धा टक्का जादा विक्रीकर, खास घरांसाठी, मतदानाने मंजूर झाला. पर्यटकांच्या शहरात विक्रीकराचा मोठा वाटा पाहुणेच भरतात. हस्तांतरण कराचं बंद दार सोडून शेजारची खिडकी उघडली, असं म्हणता येईल.

ही घरं परवडणारी आहेत का?

सरळ उत्तर: किंमत या अर्थाने, पुष्कळदा नाहीत. किमतीवर मर्यादा नसल्याने अट असलेला फ्लॅटही महागतोच. अट असल्यामुळे बाहेरचा रोखीचा ग्राहक बाजूला होतो आणि भाव थोडा उतरतो, पण काउंटीतले डॉक्टर, वकील, दलाल हे सगळे तीस तास काम करणारेच आहेत. भांडी घासणाऱ्या माणसाची स्पर्धा डेन्व्हरच्या धनिकाऐवजी शल्यविशारदाशी लागली, एवढाच फरक काही घरांत पडतो. टीकाकारांचा हा मुद्दा खरा आहे आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तरी मला शहराचा निर्णय योग्य वाटतो. किमतीवर मर्यादा घालणारी अट विकायला मालक स्वखुशीने तयार होत नाही. झाला तर मागेल ती रक्कम शहराला परवडणार नाही. शहराकडे तेवढ्याच पैशात कमी घरांवर कडक अट किंवा जास्त घरांवर सैल अट, असा पर्याय होता. गळती थांबवणं हे पहिलं काम असेल तर सैल अट बरोबर. घर एकदा कायमचं कुलपात गेलं की परत येत नाही. राहत्या घराचं भाडं पुढे कधीतरी अनुदानाने कमी करता येतं.

पण लोकसंख्येच्या अंगाने बघितलं तर या अटीत एक मोठी उणीव आहे. ती कामाचे तास मोजते, माणसं मोजत नाही. एका खोलीच्या घरात राहणारा चोविशीचा स्की-प्रशिक्षक आणि तीन खोल्यांत दोन मुलांना वाढवणारं कुटुंब, दोन्ही ‘एक अट’ म्हणून नोंदले जातात. हजाराचं उद्दिष्ट लवकर गाठायचं असेल तर ओढा साहजिकच लहान घरांकडे जाणार. लहान घर तरुणाला दोन-तीन वर्षं थांबवतं. मूल झालं की तो पुन्हा खालच्या गावाचा रस्ता धरतो. जिप्सम आणि ईगल वाढले ते यामुळेच: तिथे मुलांना अंगण मिळतं. व्हेलची शाळा भरायची असेल तर बोलणी करताना दुसऱ्या आणि तिसऱ्या शयनगृहासाठी ठळकपणे जास्त पैसे मोजायला हवेत, मग वर्षाअखेरीचा आकडा छोटा दिसला तरी चालेल.

पूर्व व्हेलची जमीन

पैशाने सुटणारे प्रश्न एकीकडे, आणि पूर्व व्हेलमधला वाद दुसरीकडे. तिथे डोंगराच्या पायथ्याशी स्की-केंद्र चालवणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स कंपनीची जमीन होती. 2017 मध्ये तिच्या एका भागात घरं बांधायला परवानगी देणारा बदल झाला; नंतर तिथे 165 कामगारांची सोय होईल असा प्रकल्प पुढे आला. कंपनी स्वतःच्या पैशाने कामगारांसाठी घरं बांधायला तयार, शहराला घरांची नड, मग अडलं कुठे? त्या उतारावर रानटी मेंढ्यांचा, बिगहॉर्न शीपचा एक कळप हिवाळा काढतो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या त्या उतारावर बर्फ लवकर वितळतं आणि खायला मिळतं. घरं झाली तर कळप टिकणार नाही, असं वन्यजीव अभ्यासकांचं आणि बऱ्याच रहिवाशांचं म्हणणं.

वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी मे 2022 मध्ये नगरपरिषदेने चार विरुद्ध तीन मतांनी ती जमीन सक्तीने संपादन करायचं ठरवलं आणि कंपनीला शहरातल्या दुसऱ्या जागांवर बांधायचा प्रस्ताव दिला. कंपनीने तो मानला नाही. मामला न्यायालयात गेला.

यात मेंढ्यांच्या बाजूने उभे राहिलेल्यांना ‘घरांचे शत्रू’ म्हणणं सोपं होतं आणि तसं म्हटलंही गेलं. मला मात्र सात जणांच्या परिषदेतलं ते एका मताचं अंतर जास्त बोलकं वाटतं. दोन्ही बाजूंना नीट कारणं होती. अरुंद खोऱ्यात जमीन इतकी थोडी आहे, की माणसाचं घर आणि जनावराचं कुरण एकाच उतारावर येतात. अशा ठिकाणी नव्या जागेचा नाद सोडून आहे त्या इमारतींमधली कुलपं सोडवणं किती मोलाचं, हे या वादाने दाखवून दिलं. खरेदीखतातल्या अटीसाठी एक वीटही नव्या जमिनीवर ठेवावी लागत नाही.

टिंबर रिज पुन्हा

2003 मध्ये घेतलेली टिंबर रिज आता शहराच्या सगळ्यात मोठ्या प्रकल्पाची जागा आहे. तिथल्या शंभराहून कमी जुन्या घरांच्या जागी तीनशेच्या आसपास नवी घरं उभी करण्याचं काम हाती घेतलं गेलं. यात स्थानिक व्यावसायिकांनी आधीच घरं आरक्षित करायची, म्हणजे कर्जाचा बोजा वाटला जाईल, अशी रचना आहे. पैसा उभा करायला हा मार्ग चांगला. मला काळजी वाटते ती त्यातल्या भाडेकरूची. घराचा मालक आणि नोकरीचा मालक एकच असला, की पगाराबद्दल बोलताना माणूस दहा वेळा विचार करतो. हंगामाच्या मध्यावर नोकरी गेली तर त्याच आठवड्यात घरही जातं, बाहेर उणे दहा तापमान असताना. व्यावसायिकांनी घेतलेल्या घरांत नोकरी सुटल्यावर निदान काही महिने राहण्याची मुभा आणि काउंटीत दुसरीकडे काम धरलं तर तिथेच राहण्याचा हक्क, एवढं करारात लिहून घेणं शहराच्या हातात आहे. अट घालायची कला या शहराला नवी नाही.

आणखी एक गोष्ट तर फुकटात होण्यासारखी आहे. अट असलेल्या प्रत्येक घराच्या मालकाला, तिथे राहणारा पात्र आहे असं प्रतिज्ञापत्र दर वर्षी द्यावं लागतं. त्या कागदात दोन रकाने वाढवावेत: घरात एकूण माणसं किती, आणि त्यातली अठरा वर्षांखालची किती. मग 2030 च्या जनगणनेची वाट बघावी लागणार नाही. शहराने किती अटी विकत घेतल्या याच्या शेजारी, त्या घरांत किती मुलं वाढतायत हाही आकडा दर वर्षी छापता येईल आणि पुढच्या वर्षीचा पैसा एका खोलीवर लावायचा की तीन खोल्यांवर, ते त्यावरून ठरवता येईल.